मावळ परिसरातील द्वैभाषिक वाचनाची परंपरा : इतिहास व मेंदूविज्ञान यांच्या आधारे एक अभ्यास

बीजसंज्ञा : द्वैभाषिकता, वाचनप्रक्रिया, मोडी लिपी, फारसी-मराठी पत्रव्यवहार, मातृभाषेतून शिक्षण, मावळ.

१. प्रस्तावना

पवन मावळ, नाणे मावळ आणि अंदर मावळ या खोऱ्यांतून लोणावळा, वडगाव व तळेगाव येथील महाविद्यालयांत येणारा बहुसंख्य विद्यार्थिवर्ग मराठी माध्यमातून शिकलेला असतो. पदवीच्या वर्गात आल्यावर मात्र त्याच्या हाती इंग्रजी संदर्भग्रंथ येतात. व्याख्यान मराठीत, पुस्तक इंग्रजीत, टिपणे दोहोंच्या मिश्रणात आणि उत्तरपत्रिका यांपैकी कोणत्या तरी एका भाषेत, अशी त्याची स्थिती असते. अशा विद्यार्थ्याची गती मंद पडली की प्राध्यापक कक्षात एक मत हमखास ऐकू येते : दोन भाषांमुळे मुलांचा गोंधळ होतो; मराठी बाजूला सारल्याशिवाय त्यांना इंग्रजी वाचता येणार नाही.

हे मत दोन गृहीतकांवर उभे आहे. पहिले, वाचताना एक भाषा पूर्णपणे बंद ठेवता येते. दुसरे, दोन भाषांत वाचणे ही या समाजावर अलीकडे ओढवलेली आपत्ती आहे. पहिल्या गृहीतकाची तपासणी गेल्या काही दशकांतील मेंदूविज्ञानाने व मानसभाषाविज्ञानाने केली आहे. दुसऱ्याची तपासणी इतिहासाने करावयाची आहे. मावळचा प्रदेश त्यासाठी विशेष उपयुक्त ठरतो, कारण घाटवाटांच्या या मुलखात राज्यकर्ते, व्यापारी व धर्मसंस्था यांच्याबरोबर परक्या भाषा व लिपी वारंवार आल्या आणि स्थानिक लेखक-वाचकांनी त्या हाताळल्या.

२. उद्दिष्टे

(१) द्विभाषिक वाचकाचा मेंदू दोन भाषांचे व्यवस्थापन कसे करतो, याविषयीच्या प्रमुख निष्कर्षांचा परिचय करून देणे.
(२) मावळ व त्याच्या लगतच्या परिसरातील द्वैभाषिक लेखन-वाचनाच्या ठळक टप्प्यांचा या निष्कर्षांच्या आधारे विचार करणे.
(३) सद्यःस्थितीतील महाविद्यालयीन अध्यापनासाठी त्यातून काही बोध मिळतो का, हे पाहणे.

३. अभ्यासाची मर्यादा

गतकाळातील वाचकाच्या मेंदूचे मापन करता येत नाही. त्याने वाचलेला कागद वा शिलालेख मात्र उपलब्ध असतो. त्याची भाषा, लिपी व मांडणी यांवरून वाचकाकडून कोणती अपेक्षा होती एवढे सांगता येते. प्रस्तुत निबंधातील अनुमाने याच मर्यादेत आहेत.

४. द्विभाषिक मेंदू व वाचन : संशोधनाची दिशा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात द्वैभाषिकतेकडे संशयाने पाहिले जाई. वेल्समधील डी. जे. सेअर यांनी १९२३ मध्ये ग्रामीण भागातील द्विभाषिक मुले बुद्धिमापन चाचण्यांत मागे पडतात असे नोंदविले. अशा अभ्यासांत मुलांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा पुरेसा विचार झालेला नव्हता. १९६२ मध्ये एलिझाबेथ पील व वॉलेस लँबर्ट यांनी माँट्रियलमधील दहा वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास करताना ही त्रुटी दूर केली, तेव्हा द्विभाषिक मुले उलट सरस ठरली. द्वैभाषिकतेमुळे बुद्धीला सर्वसाधारण लाभ होतो की नाही, याविषयी आजही मतभेद आहेत; परंतु तिने बुद्धीची हानी होते हे जुने मत मागे पडले आहे.

वाचनाच्या संदर्भात महत्त्वाचा निष्कर्ष असा की, द्विभाषिक व्यक्ती एका भाषेतील मजकूर वाचत असतानाही तिच्या मेंदूत दुसरी भाषा जागृत असते. डायकस्ट्रा व व्हान ह्यूवन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या व २००२ मध्ये विस्तारलेल्या प्रारूपानुसार, डोळ्यांसमोर आलेला शब्द दोन्ही भाषांच्या शब्दभांडारातील मिळतेजुळते शब्द एकदमच चाळवतो आणि त्यांच्या स्पर्धेतून योग्य शब्दाची निवड होते. दोन्ही भाषांत समान असलेले शब्द मातृभाषेतील वाक्य वाचतानाही अधिक वेगाने वाचले जातात, हे बेल्जियममधील डच-इंग्रजी वाचकांच्या नेत्रहालचालींच्या अभ्यासातून २००९ मध्ये दिसून आले.

दोन भाषांच्या लिपी भिन्न असल्या तर काय होते? थिएरी व वू यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिनी-इंग्रजी द्विभाषिकांना केवळ इंग्रजी शब्द दाखविले होते. तरीही त्या शब्दांच्या चिनी भाषांतरांत समान वर्ण असल्यास मेंदूच्या विद्युत्प्रतिसादात फरक पडला. वाचकांना स्वतःला त्याची जाणीवही नव्हती. म्हणजेच लिपी बदलली तरी पहिली भाषा झोपी जात नाही. मराठी भाषकाला याचा अनुभव घ्यावयाचा असेल तर हिंदीतील ‘शिक्षा’ व ‘चेष्टा’ हे शब्द पाहावेत. लिपी एकच असल्याने मराठी अर्थ क्षणभर डोकावतोच. संदर्भ त्याला मागे सारतो.

हे मागे सारण्याचे काम मेंदूतील नियंत्रणयंत्रणा करते. अबुतालेबी व ग्रीन यांच्या मांडणीनुसार कपाळामागील अग्रखंडाचा भाग, अग्र सिंग्युलेट बाह्यक व पुच्छक केंद्र यांचा तीत सहभाग असतो. म्यूटर व ऑलपोर्ट यांनी १९९९ मध्ये अंकांची नावे उच्चारण्याच्या प्रयोगात आणखी एक लक्षणीय बाब दाखविली. दुबळ्या भाषेकडून प्रबळ भाषेकडे परतताना लागणारा अधिकचा वेळ उलट दिशेपेक्षा जास्त होता. दुबळी भाषा वापरताना प्रबळ भाषेला जोराने दाबून ठेवावे लागते व ती मोकळी होण्यास वेळ लागतो, असा याचा अर्थ लावला गेला. मातृभाषा बंद ठेवण्याचा आग्रह हा असा विनामूल्य नसतो.

या संशोधनाच्या आधारे द्वैभाषिक वाचन सुकर करणाऱ्या तीन गोष्टी पुढे मांडता येतात : कोणती भाषा अपेक्षित आहे हे सुचविणारी स्पष्ट खूण, कोणत्या कामाला कोणती भाषा याची स्थिर वाटणी, आणि निदान एका भाषेतील वाचनाचा भक्कम पाया. मावळच्या इतिहासाकडे या तीन कसोट्यांतून पाहिल्यास पुढील चित्र दिसते.

५. वलूरकची लेणी : बोलीपलीकडची सार्वजनिक भाषा

कार्ले येथील चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. तेथील लेखांत या स्थळाचे नाव ‘वलूरक’ असे येते, आणि ‘मामाल’ या प्रशासकीय विभागनामाशी आजच्या मावळचा संबंध अभ्यासक जोडतात. चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकट येथील रहिवाशांनी दान केले असून त्यांत स्वतःला ‘यवन’ म्हणविणारे दातेही आहेत. त्यांचे मूळ कोणतेही असो, त्यांनी आपले दान ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरून घेतले. नहपानाचा जामात उषवदात याने वलूरकच्या भिक्षूंना करजिक हे गाव दिल्याचा लेखही येथे आहे. त्याच नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिपी आढळतात. नाणे हाती घेणाऱ्या बहुतेकांना तिन्ही लिपी वाचता येत नसाव्यात; ज्याने त्याने आपल्या ओळखीची लिपी शोधावी अशी ती मांडणी आहे. एकाच पृष्ठभागावर अनेक भाषिक समूहांसाठी स्वतंत्र खुणा ठेवण्याची पद्धत या प्रदेशाच्या परिचयाची होती, एवढे यावरून म्हणता येते.

६. कुलकर्ण्याचे वाचन : फारसी, मराठी व मोडी

द्वैभाषिक वाचनाचा सर्वांत समृद्ध पुरावा मध्ययुगीन दप्तरांत मिळतो. बहमनी राज्य व त्यानंतरच्या निजामशाही-आदिलशाही या सत्तांची दरबारी भाषा फारसी होती; महसुलाचा व्यवहार मात्र मराठी जाणणाऱ्या लेखकांच्या हाती होता. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द १५३४ ते १५५८) हिशेबातून फारसी काढून ‘हिंदवी’ आणल्याचे फिरिश्ता हा इतिहासकार नमूद करतो. देशमुख, देशपांडे व मोकादमांना पाठविलेल्या अनेक कागदांत फारसी मजकुराबरोबर मोडीतील मराठी मजकूरही असे. फारसी उजवीकडून डावीकडे व मोडी डावीकडून उजवीकडे लिहिली जाते. त्यामुळे भाषा बदलल्याची खूण डोळ्याला तत्काळ मिळे. येथे लिपी हीच भाषेची सीमारेषा होती.

खरा बौद्धिक ताण त्यापुढच्या टप्प्यात दिसतो. रांझे गावच्या बाबाजी गुजर पाटलाच्या बदअमलाविषयीचे शिवाजी महाराजांचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र प्रसिद्ध आहे. या एका कागदात भाषांचे तीन थर आहेत. मुद्रा संस्कृतमध्ये आहे. मायना ‘अज’, ‘दामदौलतहू’ अशा फारसी-अरबी घडणीच्या शब्दांचा आहे. आणि प्रत्यक्ष निर्णय मराठीत आहे. मायना व निर्णय या दोहोंची लिपी एकच, मोडी. म्हणजे लिपीची खूण येथे उपलब्ध नाही. तिची जागा कागदावरील स्थानाने घेतली आहे. माथ्यावरचा ठरावीक साचा फारसीचा आणि त्याखालील हकिकत मराठीची, ही वाटणी वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असे.

मोडी लिपीच्या स्वरूपामुळे या पूर्वज्ञानाचे महत्त्व आणखी वाढते. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती आणि ऱ्हस्व-दीर्घ भेदही पाळला जात नसे. शब्द कोठे संपला हे वाचकाने अर्थावरून ठरवावयाचे. अशा सलग ओळीत फारसी व मराठी शब्द शेजारी येत असताना दोन्ही शब्दभांडारे एकाच वेळी जागी नसती, तर वाचन अडले असते. दुसरी भाषा जागृत राहणे हा दोष नसून वाचनाचे साधन आहे, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. हे काम गावोगावचा कुलकर्णी करीत असे. पाटील व रयत यांना तो कागद वाचून दाखवी. ऐकणाऱ्यांना मायन्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ उमगत नसला तरी हुकूम सरकारचा आहे एवढे त्या शब्दांच्या नादावरून कळत असणार.

शिवराज्याभिषेकानंतर सिद्ध झालेला राजव्यवहारकोश हा या भाषाव्यवस्थेतील जाणीवपूर्वक हस्तक्षेप होय. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली १६७७ च्या सुमारास तयार झालेल्या या कोशात तेराशेहून अधिक फारसी-दखनी राजकीय संज्ञांना संस्कृत पर्याय दिले आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी पुढे निरनिराळ्या काळच्या पत्रांतील फारसी शब्द मोजून त्यांचे प्रमाण घटत गेल्याचे दाखविले. तथापि व्यवहाराने कोशाचे सर्व काही मान्य केले नाही. अमात्य, सचिव, मंत्री ही पदनामे रूढ झाली, तरी मुजुमदार व सुरनीस ही नावे लोपली नाहीत. ‘पेशवा’ हा शब्द तर पुढे एका संपूर्ण कालखंडाचे नाव झाला. मावळातील तलाठ्याच्या दप्तरात आजही ‘मौजे’, ‘तालुका’, ‘महसूल’, ‘जमीन’ हेच शब्द नांदतात आणि वाचणाऱ्याला ते परके वाटत नाहीत. तीन-चार शतकांत दुसऱ्या भाषेचे शब्द पहिल्या भाषेत मुरले व त्यांच्यातील स्पर्धा संपली.

७. लोहमार्ग, मुद्रण व इंग्रजी

इंग्रजी अमलात द्वैभाषिक वाचनाचे स्वरूप पालटले. मुंबईत बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेले ‘दर्पण’ इंग्रजी व मराठी मजकूर शेजारच्या स्तंभांत छापीत असे. १८६२ मध्ये निघालेले ‘इंदुप्रकाश’ही द्वैभाषिक होते. स्तंभांची ही मांडणी वाचकाला एका भाषेच्या आधाराने दुसरी तपासण्याची सोय देई. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. त्यानेही हीच सोय शब्दपातळीवर उपलब्ध केली. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे लोहमार्ग खुला झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पूर्ण होऊन मुंबई व पुणे सलग जोडले गेले. मुंबईच्या छापील जगाला लोणावळा असे जवळ आले.

परंतु शिक्षणव्यवस्थेने ‘दर्पण’चा मार्ग स्वीकारला नाही. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. कर्नल जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांतून शिक्षण देण्याचा पक्ष मांडला, तर अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा पुरस्कार केला. पुढे प्राथमिक शिक्षण मराठीतून व उच्च शिक्षण इंग्रजीतून अशी विभागणी रूढ झाली. फारसी-मराठीच्या काळात एकच वाचक एकाच कागदावर दोन भाषा वापरी. आता दोन भाषा शिक्षणाच्या दोन पायऱ्या बनल्या आणि वरच्या पायरीवर पोचल्यावर खालची सोडून द्यावयाची, असा संकेत रुजला. प्रारंभी उद्धृत केलेले प्राध्यापक कक्षातील मत याच संकेताचे अपत्य आहे.

८. तळेगावचे समर्थ विद्यालय

या संकेताला मावळातूनच एक उत्तर दिले गेले. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर (१८६३ ते १९२६) हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापक होते. नव्या विद्यांचे ग्रंथ मराठीत आले पाहिजेत या भूमिकेतून त्यांनी १८९४ मध्ये ‘ग्रंथमाला’ हे मासिक सुरू केले. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीत १९०६ मध्ये स्थापन झालेले त्यांचे समर्थ विद्यालय पुढे तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले. मातृभाषेतून शिक्षण व हस्तोद्योगाची जोड ही त्याची वैशिष्ट्ये होती. ‘विश्ववृत्त’ मासिकातील लेखावरून झालेल्या राजद्रोहाच्या खटल्यात विजापूरकरांना कारावास भोगावा लागला आणि १९१० मध्ये सरकारने विद्यालय बंद केले.

विजापूरकर स्वतः इंग्रजी विद्येत मुरलेले अध्यापक होते. त्यामुळे त्यांचा प्रयत्न इंग्रजीच्या द्वेषातून आलेला होता असे समजणे योग्य होणार नाही. विषयाचे आकलन मातृभाषेत पक्के झाले पाहिजे, हा त्यामागील विचार होता. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या परस्परावलंबनाच्या सिद्धांताशी तो जुळतो. पहिल्या भाषेत कमावलेले वाचन-आकलनाचे कौशल्य दुसऱ्या भाषेत संक्रमित होते. पहिलीचा पाया कच्चा राहिला तर दुसरीवर इमला चढत नाही, असे कमिन्स यांचे प्रतिपादन आहे. तळेगावचा प्रयोग अवघ्या काही वर्षांत थांबला. त्याच्या फलिताचे मूल्यमापन करण्याइतका अवधी त्याला मिळालाच नाही, ही या प्रदेशाच्या शैक्षणिक इतिहासातील मोठी हानी होय.

९. लोणावळ्याचे कैवल्यधाम

स्वामी कुवलयानंद (१८८३ ते १९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम आश्रमाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. हठयोगाचे संस्कृत ग्रंथ व आधुनिक शरीरशास्त्र यांचा मेळ घालणे हे तेथील संशोधनाचे सूत्र होते. त्यासाठी क्ष-किरण चित्रे व दाबमापन यांचा अवलंब करण्यात आला. त्यातील निबंधांत विवेचनाची भाषा इंग्रजी असली तरी आसन, नौली, उड्डियान या संज्ञा संस्कृतच राहिल्या. क्रियेचे नाव एका परंपरेचे व स्पष्टीकरण दुसऱ्या परंपरेचे, अशी ही कामाची नेमकी वाटणी आहे. रांझ्याच्या पत्रातील मायना व निर्णय यांच्या वाटणीशी तिचे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. दोन्ही ठिकाणी वाचक एका वाक्यातून दुसऱ्या भाषेत जातो व परत येतो. कोठे जावयाचे हे त्याला आधी माहीत असते.

१०. निष्कर्ष

(१) द्वैभाषिक वाचन ही मावळच्या समाजावर अलीकडे ओढवलेली आपत्ती नाही. प्राचीन काळापासून येथे एकाहून अधिक भाषा व लिपी एकत्र नांदल्या आहेत.

(२) वाचताना मातृभाषा बंद ठेवता येते हे गृहीतक उपलब्ध संशोधनाशी विसंगत आहे. लिपी भिन्न असली तरी ती जागृत राहते आणि तिला दाबण्याची किंमत मेंदूला मोजावी लागते.

(३) जेथे भाषेची खूण व कामाची वाटणी स्पष्ट होती तेथे दोन भाषांचे वाचन सुरळीत चालले. मोडी कागदांतील मायना, ‘दर्पण’चे स्तंभ व ‘योगमीमांसा’तील संज्ञा ही त्याची उदाहरणे होत. आजच्या विद्यार्थ्यापुढील मिश्रणात अशी वाटणी नाही. त्याच्या अडचणीचे मूळ दोन भाषांच्या अस्तित्वात नसून त्यांच्यातील व्यवस्थेच्या अभावात शोधावयास हवे.

(४) कुलकर्ण्याजवळ मराठी वाचनाचा पक्का पाया होता. फारसीचा साचा त्यावर उभा होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने किमान पाचवीपर्यंत व शक्य तेथे आठवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाची शिफारस केली आहे. महाविद्यालयीन स्तरावर तिला पूरक ठरतील असे काही साधे उपाय प्राध्यापकांच्या हाती आहेत : प्रत्येक घटकाची द्वैभाषिक संज्ञासूची देणे, इंग्रजी उताऱ्यापूर्वी त्याचा मराठी आशय सांगणे, आणि टिपणांत संज्ञा व विवेचन यांची भाषा ठरवून देणे.

रांझ्याच्या पाटलाविषयीचा कागद ज्याने वाचला असेल त्याला तीन भाषांच्या थरांतून न्यायाचा आशय अचूक काढावा लागला असणार. ते शक्य झाले, कारण त्या कागदाने त्याच्या मातृभाषेला कागदाच्या मध्यभागी जागा दिली होती. आजच्या मावळातील विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकात ती जागा कोठे आहे, हा प्रश्न इतिहासाने वर्तमानापुढे ठेवलेला आहे.